सही करण्याआधी विचारा : होम स्टायलिंग, रील्स आणि करिअर

होम स्टायलिंगमध्ये, म्हणजे घराच्या मांडणी-सजावटीच्या कामात, उतरू पाहणाऱ्यांची जी पत्रं येतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गोंधळ असतो : इन्स्टाग्रामवरचं पेज वाढलं म्हणजे व्यवसाय उभा राहिला. तसं होत नाही. पेजमुळे लोक तुमच्यापर्यंत येतात. पुढचं सगळं तुमचं काम, हिशेब आणि कागदपत्रं यांवर चालतं. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे काही प्रश्न आज घेते आहे.

प्रश्न : इंटिरियर डिझाइनची पदवी नाही. स्टायलिस्ट होता येईल का?

होईल. फर्निचरची मांडणी, कापड, प्रकाश, रंग, शोभेच्या वस्तू इथपर्यंत पदवी कोणी विचारत नाही. भिंत पाडणं, नळ हलवणं, वायरिंग बदलणं ही मात्र तुमची कामं नव्हेत. भिंतीसाठी आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, नळासाठी प्लंबर आणि वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन. काही ठिकाणी ‘इंटिरियर डिझायनर’ म्हणवून घ्यायलाही नोंदणी लागते, तेव्हा पाटी लावण्याआधी तुमच्याकडचा नियम विचारून घ्या.

प्रश्न : सुरुवातीला थोडे फॉलोअर्स विकत घेतले तर?

नको. ब्रँडवाले आकड्याच्या आधी कमेंट वाचतात, आणि खोटी गर्दी तिथेच उघडी पडते.

प्रश्न : अजून एकही ग्राहक नाही. पोर्टफोलिओत पिंटरेस्टवरचे फोटो ‘प्रेरणा’ म्हणून टाकले तर चालेल का?

मूडबोर्डमध्ये, म्हणजे कल्पना सांगण्यासाठी जमवलेल्या चित्रांच्या फलकावर, ग्राहकासमोर बसून, हे फोटो माझे नाहीत असं सांगून दाखवा. पोर्टफोलिओत मात्र एकही नको. खाली ‘क्रेडिट : पिंटरेस्ट’ लिहून काम भागत नाही. पिंटरेस्टवर फोटो साठवले जातात, ते काढलेले असतात दुसऱ्याच कोणीतरी.

स्वतःच्या घरातला एक कोपरा घ्या. एक खुर्ची, एक दिवा, एक छोटं टेबल. तोच कोपरा तीन वेगळ्या स्वभावांच्या माणसांसाठी मांडा आणि तिन्ही वेळा फोटो काढा. त्यातून तुमची नजर दिसते, महागड्या सोफ्यातून दिसत नाही.

फोटो काढताना छताचे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर असतो आणि घरगुती पिवळा दिवा साधारण २७०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). दोन्ही एकत्र आले की एकच पांढरी भिंत एका टोकाला पिवळी आणि दुसऱ्या टोकाला निळी दिसते, आणि नंतर कितीही एडिट केलं तरी ती पूर्ण सुधारत नाही. दिवा लावूनच फोटो हवा असेल तर संध्याकाळी काढा. सगळे बल्ब एकाच केल्विनचे आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वरचे घ्या, नाहीतर लाकूड आणि त्वचा दोन्ही मेलेली दिसतात. फोनची अल्ट्रा-वाइड लेन्स टाळा. त्यात कडेची खुर्ची ताणली जाते आणि खोली आहे त्याहून मोठी भासते. फोन साधारण कंबरेच्या उंचीवर धरा आणि दाराची चौकट सरळ उभी दिसते आहे ना, हे तपासा.

आणि ते ‘आधी-नंतर’चं नाटक बंद करा. आधीचा फोटो अंधारात, पसाऱ्यासकट, आणि नंतरचा भर उजेडात, ही फसवणूक आहे. दोन्ही एकाच जागेवरून, एकाच वेळच्या उजेडात काढा.

प्रश्न : रोज रील टाकलं नाही तर अल्गोरिदम शिक्षा करतो, असं सगळेच म्हणतात. खरं आहे का?

सगळे म्हणतात, त्यांतल्या कोणीही कधी दाखवलेलं नाही. इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं की त्यांचा ‘एक’ अल्गोरिदम नाही. फीड, स्टोरीज, एक्सप्लोर आणि रील्स यांची क्रमवारी वेगवेगळी लागते. तुम्हाला झेपेल असा वेग ठरवा आणि तो पाळा.

प्रश्न : मॅडम, एका दिव्यांच्या कंपनीने फुकट दिवे देऊ केले आहेत. बदल्यात चार रील्स आणि काही फोटो हवे आहेत. करार छोटाच आहे, दोन पानांचा. पुढचा आठवडा शेवटची मुदत. सही करून टाकू का?

नाही. आधी ती दोन पानं वाचा. आणि सही करण्याआधी हे विचारलंत, याचं मला मनापासून बरं वाटलं, कारण या विषयावरची बहुतेक पत्रं सही झाल्यावर येतात. तेव्हा माझ्या हातात सांगण्यासारखं काही उरत नाही.

तुमच्या करारात ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असे शब्द आहेत का, ते शोधा. असतील तर फुकट दिव्यांच्या बदल्यात तुम्ही तुमचा फोटो कायमचा वापरू देता आहात. तो खोक्यावर छापला जाईल, जाहिरातीच्या फलकावर लागेल, पाच वर्षांनीही वापरला जाईल, आणि तुम्हाला पुढे काहीही मिळणार नाही. फोटो तयार करण्याचा मोबदला वेगळा आणि वापरू देण्याचा वेगळा. दोन्ही वेगळे लिहून घ्या : कोणत्या माध्यमात, किती महिने, कोणत्या देशात, आणि पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीत की फक्त त्यांच्या पेजवर.

दुसरी अट एक्सक्लुझिव्हिटीची. सहा महिने दुसऱ्या कोणत्याही दिव्यांच्या कंपनीचं काम करायचं नाही, असं लिहिलं असेल तर सहा महिन्यांचं काम नाकारण्याची किंमत मागा. तिसरी व्हाइटलिस्टिंगची, म्हणजे तुमच्या अकाउंटच्या नावाने ते जाहिरात चालवणार. मुदत आणि मजकुरावर तुमची मंजुरी, हे दोन्ही लिहिलेलं नसेल तर होकार देऊ नका.

फोटो तुम्ही स्वतः काढणार की फोटोग्राफर? फोटोग्राफर असेल तर अनेक देशांत कॉपीराइट त्याच्याकडे राहतो. जे तुमचं नाही, ते तुम्ही कंपनीला कसं देणार? आधी त्याच्याकडून लेखी घ्या.

फुकट मिळालेली वस्तू हीसुद्धा मोबदलाच आहे. अनेक देशांत ते रीलमध्ये स्पष्ट सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘पेड पार्टनरशिप’चं लेबल लावा, ‘जाहिरात’ हा शब्द सुरुवातीलाच दिसू द्या, हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका. अशा वस्तूंवर करही लागू शकतो, ते कर सल्लागाराला विचारा.

राहिली मुदत. ‘लवकर कळवा, यादी बंद होते आहे’ हे वाक्य तुम्ही वकिलाकडे जाऊ नये म्हणूनच लिहिलेलं असतं. दोन पानं वाचून घेण्याचे वकिलाचे पैसे द्या. ज्या कंपनीला तुमचं काम खरंच हवं आहे, ती चार दिवस थांबते.

प्रश्न : ग्राहकाच्या घराचे फोटो टाकले, त्यांना आवडलं नाही. घर मीच सजवलं होतं ना?

सजावट तुमची, घर त्यांचं. फोटो आजच काढून टाका आणि माफी मागा. पुढच्या कामापासून परवानगी कामाच्या करारातच घ्या. परवानगी असली तरी मुलांचे फोटो, टपालावरचा पत्ता, खिडकीबाहेरची ओळखू येणारी इमारत, दाराचं कुलूप यांतलं काहीही फ्रेममध्ये नको. घर रिकामं असताना तर काहीच टाकू नका.

प्रश्न : ‘नव्वद दिवसांत हमखास कमाई’ असा कोर्स आहे. करू का?

हमखास म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : नोकरी सोडून पूर्णवेळ उतरावं असं वाटतं. कधी सोडावी?

दोन-चार ग्राहक दुसऱ्यांदा आले, कोणीतरी तुमचं नाव पुढे सांगितलं आणि काही महिन्यांचा खर्च बाजूला पडला, की विचार करा. एका रीलला लाखभर व्ह्यूज आले म्हणून नको. व्हाइन हे छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप आठवतं का? २०१३ मध्ये सुरू झालं, अनेक लोक तिथे नावारूपाला आले, आणि २०१७ च्या सुरुवातीला ते बंद झालं. तेव्हा ग्राहकांचे ईमेल आणि फोन नंबर त्यांच्या संमतीने स्वतःकडे ठेवा, स्वतःची साधी वेबसाइट करा. तुमचा हिशेब मला दिसत नाही, त्यामुळे राजीनाम्याआधी आर्थिक सल्लागाराकडे बसा, घरच्यांसोबत बसा.

प्रश्न : भिंतीवर चित्र किती उंचीवर लावायचं?

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर. सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून १५-२० सेंटिमीटर सोडून. घर भाड्याचं असेल तर खिळा ठोकण्याआधी मालकाला विचारा, आणि स्विचच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल करायचं असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.