वाघाला आवाज कोणाचा, मुलीला पट्टी कोणती?

मुलांना घेऊन पाहायचे अ‍ॅनिमेशनपट आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा, या दोन विषयांवर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : हिंदीत डब केलेल्या काही अ‍ॅनिमेशनपटांत ओठ एकीकडे आणि शब्द भलतीकडे, असं होतं. काहींत मात्र ते जाणवतच नाही. असं का? मोठ्या नटाचा आवाज घेतला की डबिंग सुधारतं का? (एक वाचक, सातारा)

अ‍ॅनिमेशनपटात सहसा मूळ भाषेतले संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात आणि त्यांच्यावर बेतून पात्राचं तोंड हलवलं जातं. डबिंगमध्ये तोंड ठरलेलं असतं, शब्द त्यात बसवायचे असतात. घात करतात ते प, ब, भ, म हे वर्ण. ते उच्चारताना ओठ मिटतातच, आणि चेहरा जवळून दाखवला असेल तर ते लपत नाही. इंग्रजी पिल्लू ‘मॉम’ म्हणतं तेव्हा ओठ दोनदा मिटतात. तिथे ‘माँ’ घातलं की दुसरं मिटणं रिकामं जातं. ‘मम्मी’ बरं बसतं. मराठीत तर पंचाईतच, कारण ‘आई’ म्हणताना ओठ एकदाही मिटत नाहीत! मग वाक्यच फिरवावं लागतं. ‘आई’ पुढे, ओठ उघडे असलेल्या जागी सरकवायची आणि इथे ‘बघ बरं’सारखे, ओठ दोनदा मिटणारे शब्द आणायचे. हे कसब डबिंगच्या लेखकाचं.

घरी पडताळून पाहा. जवळून दाखवलेला चेहरा निवडा, आवाज बंद करा आणि दहा सेकंदांत ओठ किती वेळा मिटतात ते मोजा. मग आवाज लावून त्या जागांवर प, ब, म येतात का ते ऐका. पात्र दूर असेल, तर वाक्याची सुरुवात आणि शेवट जुळले तरी पुरतं. गाणं सगळ्यांत अवघड. लांबवलेल्या सुरावर पात्राने ‘आ’ वासलेला असतो आणि भाषांतरात तिथे ‘ई’ आली, की गाणाऱ्याचा सूरही आवळतो आणि चित्रही खोटं पडतं.

नटाचं म्हणाल, तर २०१६च्या ‘द जंगल बुक’च्या हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. दूरदर्शनवरच्या जुन्या कार्टून मालिकेतही तो त्यांचाच होता. त्या आवाजात मुळातच दबलेली गुरगुर आहे, म्हणून वाघ खरा वाटतो. नुसतं नाव म्हणून घेतलेला आवाज असला की पात्र मागे पडतं आणि नटाचा चेहरा दिसू लागतो. मुख्य भूमिका कसलेल्या डबिंग कलाकारांना मिळाव्यात आणि त्यांची नावं पोस्टरवरही छापावीत, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा अ‍ॅनिमेशनपट बघताना घाबरून रडला. आधी कसं ओळखायचं? (एक आई, पनवेल)

आधी प्रमाणपत्र पाहा. ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांचे, आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. पण सगळ्यांसाठीच्या ‘यू’ चित्रपटातही आईबाप मरतात, हे लक्षात ठेवा. गोष्ट आधी वाचा, तो प्रसंग मुलाला दोन वाक्यांत सांगून ठेवा आणि कडेची खुर्ची घ्या. थिएटरमध्ये निम्मी भीती आवाजाची असते. कानांवर हात ठेवले तरी मूल सावरतं.

प्रश्न : नऊ वर्षांची मुलगी ऑडिशनला जाणार आहे. घरी छान गाते, पण कॅरिओकेवर अंतऱ्यात आवाज फाटतो. रियाज वाढवावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

रियाज नको, आधी पट्टी, म्हणजे ज्या स्वराला सा धरून गायचं तो स्वर, बदला. मुलीला साथीशिवाय, तिच्या मनाने गाऊ द्या आणि तिचा सा पेटीवर शोधा. मग अंतऱ्यातला सगळ्यांत वरचा स्वर आणि मुखड्यातला सगळ्यांत खालचा स्वर तपासा. वरचा ओरडून लागत असेल तर एक-एक पट्टी खाली या. खालचा पुटपुटल्यासारखा झाला की थांबा. दोन्ही टोकं सांभाळली जात नसतील, तर ते गाणं तिचं नाही.

पुरुष गायकाचं गाणं काळी एकमध्ये असेल आणि मुलीची पट्टी काळी चार असेल, तर पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून अंतर सात पट्ट्यांचं होतं. अ‍ॅपवर ट्रॅक दोन-तीन पट्ट्या सरकवला तर चालतो. सात सरकवला की तबला डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. अशा वेळी पेटी-तबल्यावरच तयारी करा.

पहिल्या फेरीत अनेकदा अर्ध्या मिनिटात थांबवतात, म्हणून लांबलचक आलापाने सुरुवात नको. साथ नसेल तर आत जाण्याआधी तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर तिचा सा कानात भरून घ्या. घाबरलेलं मूल हमखास चढ्या सुरात सुरू करतं आणि अंतऱ्यात अडकतं. आदल्या दिवशी दहा-दहा वेळा गाऊन घेऊ नका. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : चांगला गाणारा बाहेर जातो आणि मतांवर भलताच जिंकतो. मग मुलांना पाठवावंच का? (एक वाचक, मडगाव)

मतं फुटतात. एकाच भागातले दोघे असले, की त्या भागाची मतं वाटली जातात आणि तिसरा पुढे जातो. पण हरलेल्याची वाट तिथे संपत नाही. मराठी ‘लिटिल चॅम्प्स’ची २००९ची विजेती एकच, कार्तिकी गायकवाड, पण अंतिम फेरीतले पाचही जण २०२१मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले.

पाठवण्याआधी नियम माहीत हवेत. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७चे बालकामगार नियम टॅलेंट शोलाही लागू आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती आणि मिळणाऱ्या पैशातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. सही करण्यापूर्वी शूटिंगच्या वेळा लेखी मागा. मेकअप करून ताटकळत बसवलेला वेळ त्यात कसा धरला आहे, तेही तेव्हाच विचारा.