‘फक्त’ हा शब्द घरी ठेवून ये

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी रात्रशाळेत अकाउंट्सच्या नोकरीसाठीची सरावाची मुलाखत अर्ध्यावर टाकून तू उठलीस तेव्हा तुझे डोळे भरले होते. मी मागून हाक मारली नाही, कारण तुझी दिवा स्टेशनला जाणारी लोकल चुकली असती. म्हणून हे पत्र.

तू बोलत होतीस तेव्हा मी वहीत रेघा ओढत होते. तुला वाटलं असेल, बाई मार्क देताहेत. तू ‘फक्त’ म्हणालीस की मी एक रेघ ओढायची, एवढंच चाललं होतं. ‘मी फक्त पॅकिंगला आहे.’ ‘फक्त रात्रशाळेत शिकले.’ ‘फक्त टॅली, ते हिशोबाचं सॉफ्टवेअर, येतं.’ अकरा रेघा झाल्या. समोरच्या माणसाला तुझी काहीच माहिती नसते गं. तूच त्याच्या हातात माप देतेस, आणि तेही खोटं.

त्याच संध्याकाळी, वर्ग भरायच्या आधी, चहा पिताना तू मला काय सांगत होतीस आठव. भिवंडीच्या गोदामातून माल आला. मालासोबतच्या चलनावर, म्हणजे पोच-पावतीवर, १४४ खोकी, मोजली तर १३२. सुपरवायझर म्हणाला, सही करून टाक. तू केली नाहीस. मागची चलनं काढून बसलीस आणि आदल्या खेपेला १२ खोकी जास्त उतरली होती, ती कुणी नोंदलीच नव्हती, हे शोधून काढलंस. पोरी, यालाच ताळमेळ म्हणतात. बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळत नाही तेव्हा अकाउंट्सची माणसं हेच करतात. कोणती नोंद एकीकडे आहे आणि दुसरीकडे राहिली, ते शोधतात. आणि तासाभराने मी विचारलं, ‘हिशोबाचा काही अनुभव?’ तर तू मान खाली घालून म्हणालीस, ‘नाही बाई, फक्त पॅकिंग.’

मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण हेच मी स्वतः केलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. वडील गिरणीत होते. संप संपलाच नाही म्हणायचं, आणि मी तयार कपड्यांच्या एका कारखान्यात काजं-बटणं करायला लागले. रात्री शाळा. पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका खासगी ऑफिसात मुलाखतीला गेले. साहेबांनी विचारलं, ‘दिवसाच्या शाळेत का नाही गेलात?’ मी संपाबद्दल बोलायला लागले, वडिलांबद्दल बोलायला लागले आणि रडले. त्यांनी फाइल मिटली. सांगायचं ते राहूनच गेलं. त्या कारखान्यात आम्ही अकरा बायका नगावर काम करायचो आणि त्या अकराजणींचा रोजचा हिशोब माझ्याकडे असायचा. कुणाचे किती नग, किती परत आले, किती पैसे निघतात. सहा वर्षांत एकीचाही पैसा चुकला नाही. हे मी त्यांना सांगितलंच नाही, कारण माझ्या लेखी ते ‘काम’ नव्हतं. मुलाखतीचा सराव करून घेणारं तेव्हा कुणी भेटलं असतं तर, असं आजही वाटतं. म्हणूनच निवृत्तीनंतर मी दर मंगळवारी आणि गुरुवारी तुमच्या रात्रशाळेत येते.

आता पहिला प्रश्न. ‘तुमच्याबद्दल सांगा.’ तू ‘मायसेल्फ’पासून सुरुवात करून पाठ केलेला इंग्रजी परिच्छेद म्हणालीस, एक शब्द सुटला आणि सगळंच कोसळलं. तो परिच्छेद टाकून दे. तीन वाक्यं पुरतात: आज मी काय काम करते, त्यातला हिशोबाचा भाग कोणता, आणि या जागेवर का यायचं आहे. ती तीन वाक्यं साध्या इंग्रजीत बसव आणि मोठ्याने म्हण. मनातल्या मनात म्हटलेलं उत्तर नेहमी छान वाटतं. जीभ कुठे अडखळते ते तोंडाने म्हटल्यावरच कळतं. प्रश्न कळला नाही तर ‘पुन्हा सांगाल का?’ असं सरळ विचार. त्यात कमीपणा नाही. न कळता ‘येस सर’ म्हणणं मात्र अंगाशी येतं.

‘मधली दहा वर्षं काय केलंत?’ हा प्रश्न येणारच. इथे एक वाक्य घरचं आणि दोन वाक्यं कामाची, एवढंच. ‘वडिलांच्या आजारपणात शाळा सुटली, भावंडांची जबाबदारी होती.’ पूर्णविराम. मग लगेच, ‘तेव्हापासून काम करते आहे, आणि काम करतच दहावी-बारावी पूर्ण केली.’ रात्रशाळेचं नाव घेताना आवाज खाली आणू नकोस. बोर्डाचा पेपर तोच, पास व्हायला ३५ गुण तेच. दिवसाच्या चिमुकल्या मुलांच्या बाकावर गुडघे वर घेऊन बसायचं आणि नऊ तास उभं राहून आल्यावर जमाखर्च शिकायचा, हे किती जणांना जमेल? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. तिथून निघालेल्या वाटेवर तू आहेस.

‘लग्न कधी?’, ‘उशीर झाला तर घरी चालेल का?’ असंही विचारतील. विचारू नये, पण विचारतात. चिडून उपयोग नाही आणि घरचा इतिहास सांगायचीही गरज नाही. ‘कामाची वेळ सांगा सर, चार वर्षं मी दिवसा नोकरी आणि रात्री वर्ग सांभाळलेत.’ हे उत्तर इतक्या वेळा म्हण की ते शांतपणे यायला लागेल.

कामाचे प्रश्न तुला येतात. सुरतेहून माल घेतला तर कोणता जीएसटी, असं मी विचारलं तेव्हा तू क्षणात आयजीएसटी म्हणालीस, आणि मग उगाच ‘बहुतेक’ जोडलंस. राज्याबाहेरून माल आला तर आयजीएसटी, राज्यातल्या राज्यात केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. यात बहुतेक काही नाही. जे खरंच येत नाही तिथे मात्र ‘हे मी अजून केलेलं नाही’ म्हणून मोकळी हो.

पगाराचं बोलताना तू लाजलीस. लाजू नकोस, आकडा कागदावर मांडून जा. समज १८,००० म्हणाले आणि त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,००० आहे. पीएफचे, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचे, बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातील. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, १८,००० च्या पाऊण टक्का, १३५. प्रोफेशनल टॅक्स २५,००० पर्यंतच्या पगाराला आपल्या महाराष्ट्रात बायकांना लागत नाही. म्हणजे हातात १६,४२५. आणि ते १८,००० सीटीसी, म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च, असतील तर मालकाच्या वाट्याचा पीएफही त्यातच धरलेला असतो, हातात त्याहून कमी येईल. ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार. म्हणून विचारायचं, ‘सर, हा ग्रॉस आहे की सीटीसी? हातात किती येतील?’ अकाउंट्सच्या जागेसाठी आलेल्या मुलीने हे विचारलं तर समोरच्याला उलट बरंच वाटेल.

सराव दमलेल्या अंगाने कर. रविवारी ताजंतवानं असताना सगळ्यांनाच बोलता येतं. तुझी मुलाखत अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन गाड्या बदलून होणार आहे. म्हणून वर्ग सुटल्यावर, शिपाईमामा दिवे बंद करायला येईपर्यंतची वीस मिनिटं आपली. मामांशी मी बोलले आहे, ते शेवटी आपल्याच खोलीत येतील. मंगळवारी तुझी मुलाखत ऐकत बसलेली वर्गातली ती दोघंही थांबणार आहेत. त्यांना तुझं हसू आलेलं नव्हतं, ती घाबरली होती, पुढची पाळी त्यांची होती.

गुरुवारी येताना त्या दोन चलनांच्या तारखा वहीत उतरवून आण. मी पहिला प्रश्न त्या १२ खोक्यांवरच विचारणार आहे, आणि पेन घेऊन बसणार आहे.

तुझ्या,
बाई