घरी बांधलेली होडी: उतरवायला सर्टिफिकेट लागत नाही, विकायला लागतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साउदम्प्टनजवळ घरच्या गॅरेजमध्ये, विकत घेतलेल्या प्लॅनवरून, सव्वापाच मीटरची प्लायवुड-इपॉक्सीची शिडाची होडी बांधताय. मागे छोटं आउटबोर्ड (होडीच्या मागच्या काठावर बाहेरून लावायचं सुटं इंजिन) लावणार. क्लबमधला एक जण म्हणतो, मार्क (होडी सुरक्षेच्या नियमांत बसते हे सांगणारी सीई किंवा यूकेसीए खूण) नसेल तर ती पाण्यात घालताच येणार नाही. दुसरा म्हणतो, घरी बांधली की कुठलाच नियम लागत नाही. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की दोन-तीन वर्षांनी पुण्याला परतताना ती विकून टाकू. पहिले दोघेही चुकताहेत, पण तुमची खरी अडचण त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे.

ब्रिटनमध्ये यासाठी रिक्रिएशनल क्राफ्ट रेग्युलेशन्स २०१७ आहेत. युरोपियन युनियनच्या २०१३ च्या डायरेक्टिव्हवरून ते आले. अडीच ते चोवीस मीटरच्या हौशी होड्या त्यांत येतात. फक्त वल्ह्यांवर चालणारी कनू-कायाक, शर्यतीच्या होड्या, १९५० पूर्वीच्या डिझाइनच्या ऐतिहासिक होड्या असे काही प्रकार वगळलेत. तुमच्या कामाची सवलत वेगळी आहे: जिचा पुढचा वापरणाराच ती मुख्यतः बांधतो, अशी स्वतःच्या वापराची होडी. हिला मार्क लागत नाही. अट एकच, वापरात आल्यापासून पाच वर्षं ती बाजारात आणायची नाही.

ही पाच वर्षं कधीपासून, यावर लोक हटकून गोंधळतात. काम संपलं त्या दिवसापासून नव्हे, पहिल्यांदा वापरलीत त्या दिवसापासून. तीन वर्षं गॅरेजमध्ये तयार होऊन पडली असेल तर ती तीन वर्षं हिशेबात नाहीत. म्हणून होडी उतरवल्याच्या तारखेचा पुरावा ठेवा: स्लिपवेची (होडी पाण्यात उतरवायच्या उताराची) पावती, विम्याचा कागद, फोटो. ‘मुख्यतः’ हा शब्दही पोकळ नाही. हल, म्हणजे होडीचा सांगाडा-कवच, दुसऱ्याकडून तयार करून घेतला आणि तुम्ही रंग आणि शिडं तेवढी लावलीत, तर ‘मी बांधली’ हे पटवणं कठीण. प्लायवुडची बिलं आणि बांधणीच्या टप्प्यांचे फोटो आजपासूनच एका फाइलीत टाकत चला.

प्लॅनवर ‘कॅटेगरी सी’ (होडी किती वाऱ्या-लाटांसाठी आहे ते सांगणारा वर्ग) छापलंय म्हणून हुरळून जाऊ नका. तो डिझाइनरचा हेतू आहे, तुमच्या होडीचं सर्टिफिकेट नव्हे. सी म्हणजे बोफर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर ६ पर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा. डी म्हणजे बोफर्ट ४ आणि ०.३ मीटर, क्वचित अर्धा मीटर. साउदम्प्टनसमोरच्या सोलेंट सामुद्रधुनीत वारा भरती-ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध फिरला की डीची मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. आणि सीई किंवा यूकेसीएचं स्टिकर स्वतः चिकटवू नका. तपासणीशिवाय ते लावणं हा गुन्हा आहे.

आता माझं ठाम मत. कायद्याने मागितली नाही तरी स्थिरतेची आणि तरंगण्याची चाचणी घ्याच. सहा मीटरखालच्या होड्यांचं स्टँडर्ड आयएसओ १२२१७ चा तिसरा भाग. त्यातली सगळी आकडेमोड घरी जमणार नाही, गाभा जमतो. उन्हाळ्यात, आडोशाच्या उथळ पाण्यात, इंजिन काढून त्याच्या जागी तेवढंच वजन बांधून. आधी सगळे जण एका बाजूला बसवा (माणशी ७५ किलो धरतात, माणसांऐवजी पाण्याचे कॅन चालतात) आणि काठावरून पाणी आत येतं का ते बघा. मग होडी पाण्याने भरा. ती तरंगायला तर हवीच, शिवाय आडवी न होता सपाट राहायला हवी.

इथे बहुतेक हौशी बांधणारे फसतात. प्लायवुड स्वतः तरंगतं म्हणून ते निर्धास्त असतात, पण बॅटरी, इंजिन आणि शिशाचं बॅलास्ट (स्थिरतेसाठी तळाशी ठेवलेलं वजन) तरंगत नाही. शिशाचं वजन पाण्यात जेमतेम नऊ टक्के घटतं. त्या सगळ्याला पुरेल एवढा बंद हवेचा किंवा फोमचा आकार लागतो, ढोबळमानाने लिटरमागे एक किलो. तो तळाशी भरलात तर पाण्याने भरलेली होडी उलटायला बघते, म्हणून दोन्ही बाजूंना वर, काठाजवळ भरा. साधं पॉलिस्टायरीन पेट्रोलने विरघळतं, ते टाकीच्या आसपास नको. आणि सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली सोडायच्या फळीच्या) केसचं वरचं तोंड बघा. होडी भरल्यावर ते पाण्याखाली गेलं तर जितकं उपसाल तितकं खालून परत येईल.

पेट्रोलची बसवलेली टाकी, इंधनाचे होस, स्टिअरिंग, तयार हॅच हे सुटे भाग मात्र मार्क असलेलेच घ्या. हे विकणाऱ्यांना नियम लागू आहे, तुमच्या सवलतीशी त्याचा संबंध नाही. विमा कंपनी घरगुती होडीसाठी सर्व्हेअरचा अहवाल मागू शकते, तेव्हा हे भाग आणि वर सांगितलेली फाइल उपयोगी पडते.

टेम्सवर किंवा कालव्यांत जाणार असाल तर बोट सेफ्टी स्कीमचं सर्टिफिकेट वेगळं, दर चार वर्षांनी. त्यात गॅस, इंधन, वायरिंग बघतात. नुसतं सोलेंटमध्ये फिरणार असाल तर ते सोडून द्या. पैसे घेऊन कोणाला फिरवायचं ठरवलंत तर ‘स्वतःचा वापर’ तिथेच संपला, मग मॅरिटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीचे नियम लागतात.

उरली विक्री. पाच वर्षांआधी विकायची तर बांधणीनंतरचं मूल्यमापन करून घ्यावं लागेल. मान्यताप्राप्त संस्था होडी तपासते, आकडेमोड आणि चाचण्या बघते, अहवाल देते आणि ओळख क्रमांक नेमून देते. मग होडीवर मार्क लावता येतो. ग्रेट ब्रिटनमध्ये सीई मार्कही चालतो, उत्तर आयर्लंडला मात्र युरोपचेच नियम. तुमच्या आकाराच्या होडीसाठी हा खर्च विक्रीच्या किमतीशी जुळेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा दोन पर्याय बघा. इथल्या एखाद्या ओळखीच्याकडे होडी ठेवून जा आणि पाच वर्षं भरल्यावर विका. तेही नको असेल तर आउटबोर्ड, शिडं आणि ट्रेलर सुटे विका, त्यांना ही पाच वर्षांची अट नाही, आणि वापरलेल्या आउटबोर्डला गिऱ्हाईक लवकर मिळतं. मग इथे नुसता हल उरेल. तो ठेवायला एखाद्या मित्राच्या आवारातली जागाही पुरेल.