लॅपटॉपवर विंडोज काढून उबुंटू लिनक्स टाकल्यावर आवाज गेला, दुकानदार म्हणतो परत विंडोज टाका. टाकू का?

नका टाकू. निदान त्या दुकानदाराच्या सांगण्यावरून तरी नकाच. ‘लिनक्सला आवाजाचे ड्रायव्हर नसतात’ असं तो म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय, ते वाचूनच उत्तर लिहायला बसलो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि 2003 च्या 2.6 कर्नलपासून अल्सा, म्हणजे आवाजाच्या ड्रायव्हरांचा संच, त्यातच आहे. कुठल्या जमान्यातलं सांगतोय तो?

हेच ऐकून माझे कान किटलेत. आमचं घर वेंगुर्ल्यात, समुद्राच्या अगदी जवळ. गणपतीत सगळी माणसं घरी असतात आणि रात्री आरत्या आटोपल्या की काकांना डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना, ऐकायची असते. रेकॉर्डिंग सगळी माझ्या लॅपटॉपवर. त्या रात्री लावलं तर पखवाज नाही, झांजा नाही, बुवा नुसते हातवारे करतायत. काका म्हणाले, ‘‘आवाज खंय गेलो?’’ मी उत्तर देण्याआधीच माजघरातून भावोजींचा आवाज, ‘‘फुकटचा ता, असाच असतला!’’

मी मिंट (उबुंटूसारखंच एक लिनक्स) टाकलं तेव्हापासून भावोजींचं हे पालुपद आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच आग्रहाने बाजारातल्या एका दुकानात गेलो. त्या पोराने लॅपटॉप चालूही न करता निकाल दिला: फॉरमॅट मारून विंडोज टाकू, डेटाची गॅरंटी नाही. काकांची भजनं होती त्यात! उचलला आणि घरी आलो.

पॅव्हूकंट्रोल उघडलं, आवाज कुठे जातोय ते दाखवणारा छोटा प्रोग्रॅम. आवाजाची पट्टी व्यवस्थित नाचत होती, म्हणजे आवाज तयार होत होता, फक्त भलतीकडे जात होता. पोर्टसमोर ‘हेडफोन्स’ लिहिलेलं आणि जॅकमध्ये तर काहीच नाही. टॉर्च मारून बघितलं तर आतल्या धातूच्या पत्रीवर हिरवट थर. पिन आत गेली की जॅकमधला एक बारीकसा स्विच दबतो, त्यावरून ड्रायव्हरला कळतं की हेडफोन लागलाय आणि तो स्पीकर बंद करतो. आमच्या खाऱ्या हवेने तो स्विच अडकून बसला होता. लॅपटॉप बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, हेडफोनची पिन पुन्हा पुन्हा आतबाहेर केली, थोडा फरक पडला. मग टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (अल्साचा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्रॅम) उघडला, एफ6 ने खरं साऊंड कार्ड निवडलं, उजवीकडे सरकत जाऊन ‘ऑटो-म्यूट मोड’ डिसेबल केला, पॅव्हूकंट्रोलमध्ये पोर्ट ‘स्पीकर्स’ केलं. पखवाज सुरू.

भावोजी काय म्हणाले? ‘‘विंडोजवर हा करूकच लागला नसता.’’ लागलं असतं, भावोजी. स्विच गंजला की तो विंडोजलाही हेडफोन लागलाय असंच सांगणार. गेल्या गणपतीतही हा वाद झाला, पुढच्याही होईल.

आता तुमचं. सेटिंगमध्ये आउटपुट कोणतं दिसतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. हेडफोन्स दिसत असेल तर वर सांगितलंच. एचडीएमआय, म्हणजे टीव्ही-मॉनिटरकडे जाणारं, असेल तर नुसतं बदलून स्पीकर्स करा. अल्सामिक्सरमध्ये पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ती म्यूट आहे, एम दाबा. ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कार्डच सापडलेलं नाही. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपना साऊंड ओपन फर्मवेअर (आवाजाच्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, उबुंटूत ते मिळतं, आधी सगळे अपडेट घ्या. शेजारी विंडोजही ठेवलं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते असताना विंडोज पुरतं बंद होत नाही आणि काही लॅपटॉपवर कार्ड तसंच अडकून राहतं. नेटवरचे जुने लेख वाचून पल्सऑडिओ (प्रोग्रॅमचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारी जुनी व्यवस्था) काढ-घाल करत बसू नका. उबुंटू 22.10 पासून त्याच्या जागी पाइपवायर आहे, असलेलंही बिघडवाल.

हां, लॅपटॉप अगदी नवा असेल आणि स्पीकरला वेगळी स्मार्ट अ‍ॅम्प्लिफायर चिप असेल, तर यातलं काहीच लागू पडणार नाही. नवं कर्नल येईपर्यंत ब्लूटूथ स्पीकरवर भागवा. (हे भावोजींना दाखवू नका.)

आणि जॅक बदलायला दुकानात द्यायचाच झाला, तर एसएसडी, म्हणजे तुमचा सगळा डेटा असलेली डिस्क, काढून घरी ठेवा.