लाइव्हमध्ये अपशब्द गेला, आता हे क्षेत्र सोडू का?

प्रश्न : मी वृत्तवाहिनीत प्रशिक्षणार्थी वार्ताहर आहे. पहिल्याच लाइव्हला कानात माझाच आवाज येऊ लागला आणि मी अडखळले. १२ जखमींचे २१ सांगितले. लाइव्ह संपलं असं समजून वैतागाने अपशब्द काढला, तोही प्रसारित झाला. आता ती क्लिप फिरते आहे. आई-बाबा म्हणतात, हे क्षेत्र सोड.

उत्तर : या कारणासाठी तरी सोडू नकोस. तुझ्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

अडखळणं तुझ्या माथी नाही. स्टुडिओतून वार्ताहराच्या कानात जो आवाज येतो, त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वगळायचा असतो. त्याला मिक्स मायनस म्हणतात. ते लावायचं राहिलं की बॅगपॅकवरून (पाठीवरच्या प्रक्षेपण यंत्रावरून) गेलेला आपलाच आवाज सेकंद-दोन सेकंदांनी परत कानावर आदळतो आणि मुरलेल्यांचीही जीभ अडते. म्हणून लाइन चेकला, म्हणजे लाइव्हआधीच्या आवाजाच्या चाचणीला, नुसतं ‘हॅलो’ म्हणून थांबू नकोस. एक ते दहा मोठ्याने मोज. आकडे मागून ऐकू आले तर तिथेच पीसीआरला (स्टुडिओच्या नियंत्रण कक्षाला) सांग. ऑन एअर असताना झालं तर इअरपीस काढ, हातातलं वाक्य पूर्ण कर आणि ‘सध्या एवढीच माहिती हाती आहे’ म्हणून अँकरकडे सोपव. अँकरचा पुढचा प्रश्न तुला ऐकू येणार नाही, त्यामुळे उत्तराचा अंदाज बांधत बसू नये.

अपशब्द मात्र तुझा. माइक लावल्यापासून काढेपर्यंत तो चालूच आहे असं धरायचं. बोलणं संपल्यावर लेन्सकडे बघत गप्प उभं राहायचं आणि पीसीआरमधून ‘क्लिअर’ आल्याशिवाय हलायचं नाही. सिग्नलच्या उशिरामुळे तुझं शेवटचं वाक्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, नेमका त्याच फटीत घात होतो. वरिष्ठांची लेखी माफी माग, सोबत घडलेला क्रम लिही. क्लिपखाली खुलासे करत बसू नकोस, त्याने ती आणखी फिरते.

मला काळजी वाटते ती २१ ची. त्यावर कुणी हसलं नाही, पण जखमींचे नातेवाईक बातमी पाहत असतात. आकडा चुकल्याचं लक्षात येताच त्याच लाइव्हमध्ये दुरुस्त करायचं: ‘मघाशी मी २१ म्हणाले, जखमी १२ आहेत.’ पुढे सारवासारव नाही. लक्षात आलं तेव्हा लाइव्ह संपलं असेल तर वार्ताहरांना कामं नेमून देणाऱ्या असाइनमेंट डेस्कला लगेच फोन कर, कारण तोच आकडा खालच्या पट्टीवर आणि वेबवर जातो. तू तो फोन केलास का, हे पत्रात नाही. केला नसशील तर संपादकांपुढे आधी ते मांड.

यापुढे लाइव्हला पाठांतर नको. विसरलेला एक शब्द मागचं सगळं ओढून नेतो. वहीत मोठ्या अक्षरात तीनच ओळी असू देत: काय घडलं, कुणी दुजोरा दिला, पुढे काय होणार. आकडे अंकांत लिही, शेजारी सांगणाऱ्याचं पद. पहिलं वाक्य तेवढं पक्कं ठेव.

आई-बाबांना क्लिपची भीती वाटते; मी तुला दुसरंच विचारेन. अवेळी येणारे फोन, तासन्‌तास ताटकळणं, मोठ्या मेहनतीची बातमी ऐन वेळी रनडाउनमधून (बुलेटिनच्या क्रमयादीतून) उडणं, हे तुला सोसतं का? सोसत नसेल तर डेस्क, रिसर्च, निर्मिती हे मार्ग आहेतच. सोसत असेल तर महिनाभर डेस्ककडे फोनो (फोनवरून बातमी सांगणं) आणि रेकॉर्डेड वॉकथ्रू (घटनास्थळी चालत-बोलत केलेलं चित्रण) माग. दुसरं लाइव्ह त्यानंतर, आणि शक्यतो ज्या विषयाची बातमी तू स्वतः काढली आहेस त्यावरच.