युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये दुकानातलं मांस आणि घरातली ओल एकच इन्स्पेक्टर का तपासायचा?

कारण अन्न नीट ठेवायला जागा नसेल तर ते घरच राहण्यालायक नाही, असं तिथला कायदा मानायचा. १९५७ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये ओल, उजेड, संडास यांच्या जोडीला अन्न साठवायची-शिजवायची सोयही होती. बाकी इतिहास कुठेही मिळेल. मी आमच्या घरचं सांगतो.

१९६८, बर्मिंगहॅममधलं स्पार्कब्रुक. वरच्या मजल्यावर आमची एक खोली, खाली पाच बिऱ्हाडांत मिळून एक नळ आणि एक गॅसची शेगडी. सहानंतर रांग लागे म्हणून आई पहाटे चारला पोळ्या लाटायची. दुधाची बाटली खिडकीबाहेर. घरमालक आपल्याकडचाच. आईने शेजारणीकडून कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, पत्र लिहून घेतलं तेव्हा बाबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. "परमुलखात आपल्याच माणसावर सरकार सोडायचं?"

इन्स्पेक्टर आला. खिडकीच्या चौकटीत त्याने खिशातला चाकू टोचला; पातं मुठीपर्यंत आत गेलं आणि ओला भुसा घेऊन बाहेर आलं. मग त्याने शेगडीचे बर्नर मोजले, माणसं मोजली आणि आईला विचारलं, बाळाचं दूध कुठे ठेवता? तिने खिडकी दाखवली. हे त्याने उगाच विचारलं नव्हतं. चारच वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये पाचशेवर लोकांना टायफॉइड झाला होता. कारण, कारखान्यात नदीच्या कच्च्या पाण्यात थंड केलेला कॉर्न्ड बीफचा डबा आणि दुकानातलं मांस कापायचं यंत्र.

१९६१ च्या कायद्याने अशा घरांत मालकाला सोयी करायला लावता येत. दोन महिन्यांत दुसरी शेगडी आली, सिंक आलं, जाळीचं कपाट आलं.

सगळ्यांचं असं भलं झालं नाही, हेही खरं. गर्दी कमी करा म्हटलं की कोणीतरी बाहेर पडायचं, आणि बर्मिंगहॅममध्ये कौन्सिलचं भाड्याचं घर मिळायला शहरात पाच वर्षं काढलेली असावी लागत.

तरी आज तिकडे एका घरात सहा-सहा जण राहणारी आपली मुलं मला विचारतात, "काका, मालक मराठी आहे, तक्रार कशी करू?" करा. कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाकडे, लेखी, फोटो लावून. आपला माणूस असता तर त्याने नळ आधीच बसवला असता.

भाडं आठवड्याला पाच शिलिंगांनी वाढलं, हे बाबा शेवटपर्यंत आईला ऐकवत. वाढलं होतं. धाकटीचे जुलाबही त्याच हिवाळ्यात थांबले.