आजीच्या काढ्यातली जांभळी फुलं

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला आणि हसू आलं. आजीने दिलेला डबा तू किचनमध्ये उघडा ठेवलास, तुझ्या लाहोरच्या रूममेटने त्यातली सुकी फुलं पाहून ‘अरे, बनफशा! माझी नानी जोशांद्यात हेच घालते’ म्हटलं (जोशांदा म्हणजे हकिमी काढा), आणि आता तुझा प्रश्न : ‘आजी तर म्हणते हे आयुर्वेदिक. मग हे आपलं की त्यांचं? आणि मराठी लोक खरंच फुलांचा काढा पितात का?’ फोनवर टाइप करत बसण्याऐवजी नीटच लिहिते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बनफशा म्हणजे इंग्रजीतलं स्वीट व्हायोलेट, आणि बहुतेक मराठी घरांत तो नसतो. तुझ्या बाबांच्या घरी, रत्नागिरीला, खोकला म्हटला की अडुळशाची पानं, गवती चहा, आलं, तुळस. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात बनफशा मिळतो, पण मागणारं गिऱ्हाईक कमी. आपल्याकडे तो आला तो आजीच्या माहेरामुळे. ती ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. शिंद्यांच्या मागोमाग तिथे गेलेली मराठी घरं पिढ्यान् पिढ्या पुरणपोळीही करत आली आणि शेजारपाजारचं बघून बनफशाही उकळत आली. उत्तरेत थंडीत पडसं धरलं की बनफशाचा काढा ही घरोघरची गोष्ट आहे. आजी लग्न होऊन पुण्याला आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी म्हणे त्या पुडीकडे बघून विचारलं होतं, ‘हा पालापाचोळा कशाला आणलास?’

आता ‘आपलं की त्यांचं’. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्यात हे फूल सापडत नाही. ते आपल्याकडे आलं हकिमांबरोबर. ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ बगदादमध्ये अरबीत गेले, इराणात त्यात भर पडली. इराणी वैद्य इब्न सिनाने (तो 1037 मध्ये वारला) आपल्या वैद्यकग्रंथात बनफशाला जागा दिली आहे. पुढे ते सगळं शास्त्र युनानी म्हणून हिंदुस्थानात रुजलं. सुकी फुलं इराणातून यायची. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांत त्याच कुळातल्या रानटी जाती उगवतात, त्याही बनफशा म्हणूनच विकल्या जातात. वैद्यांनी हकिमांचा गुण पाहिला आणि फूल आपल्या औषधांत घेतलं. म्हणजे तुझ्या रूममेटच्या नानीचा हक्क आधीचा. पण आजीही खोटं बोलत नाही. औषध नाही असं जगात काही द्रव्यच नाही, हे चरकांचंच म्हणणं, आणि वैद्य त्याप्रमाणे वागतही आले. 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर फिरंग रोग (म्हणजे सिफिलिस) आला तेव्हा वैद्य भावमिश्रांनी तो आपल्या भावप्रकाश ग्रंथात लिहिला आणि त्यावर बाहेरून आलेली चोपचीनी ही मुळी सांगितली. बनफशाची गोष्ट याच चालीची आहे.

नानीच्या जोशांद्यात काय काय असतं ते मैत्रिणीला विचार. मला माहीत आहे तो असा : बनफशा, उन्नाब, सपिस्तान, मुलेठी, खतमीचं बी, खुब्बाजी. उन्नाब म्हणजे बोराचा भाऊबंद. खतमी आणि खुब्बाजी या जास्वंदीच्या कुळातल्या वनस्पती. मुलेठी म्हणजे आपलं ज्येष्ठमध. आणि सपिस्तान म्हणजे भोकर, तुझ्या बाबांचं जीव की प्राण असलेलं लोणचं ज्याचं होतं तेच! भोकर कापलं की चाकूला चिकटणारा जो बुळबुळीत चिकट रस असतो, तोच घशाला हवा असतो. खतमी, खुब्बाजी आणि बनफशातही तसाच चिकटपणा आहे. खवखवणाऱ्या घशावर त्याचा पातळ लेप बसतो आणि कोरडी ढास थोडी थांबते. गुणाचा बराचसा उलगडा इथेच होतो.

म्हणूनच आजी कुणालाही सरसकट बनफशा देत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? ती आधी खोकून दाखवायला सांगते. कफ सुटत असेल, छाती भरलेली असेल, तर सुंठ, पिंपळी, अडुळसा. घसा कोरडा, जळजळतोय, रात्री नुसती ढास लागतेय, बरोबर थोडी कणकण आणि डोकं जड, तर बनफशा, ज्येष्ठमध आणि खडीसाखर. हकीम या फुलाला सर्द-तर म्हणतात, म्हणजे थंड आणि ओलावा देणारं. आजीने हे शब्द कधी वापरले नाहीत, पण तिची निवड नेमकी त्याच हिशेबाने चालते. पोट साफ होत नसेल तरी ती हाच काढा देते, कारण फुलं सौम्य सारक आहेत. युरोपातही जुन्या काळी लहान मुलांना याचं सरबत त्यासाठीच देत. बदामाच्या किंवा तिळाच्या तेलात ही फुलं मुरवून हकीम रोगन बनफशा करतात. झोप येत नसेल तर ते टाळूला चोळायचं, नाक कोरडं पडलं तर थेंबभर नाकात. आपण नाकात कोमट तूप सोडतो ना, त्यातलाच प्रकार.

करायची पद्धत मात्र नीट वाच, कारण तू सगळं एकदम पातेल्यात ढकलून खळखळा उकळतेस हे मला ठाऊक आहे. ज्येष्ठमधाची काडी ठेच, दोन कप पाण्यात घाल आणि मंद आचेवर ठेव. पाणी पिवळसर होऊन निम्म्यावर आलं की गॅस बंद. मग चिमूट-दीड चिमूट फुलं टाकायची आणि वर लगेच ताटली. दहा मिनिटं हात लावायचा नाही. ताटली उचलून तिच्या आतल्या बाजूचं पाणी आजी परत पातेल्यात झटकते. मी लहानपणी याला चिक्कूपणा समजत असे. शार्ङ्गधर संहितेत काढ्यासाठी औषधाच्या 16 पट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायला सांगितलं आहे, आणि नाजूक द्रव्यांसाठी फांट, म्हणजे नुसत्या चौपट गरम पाण्यात भिजवून गाळायचं. मुळ्या-काड्या आटवायच्या, फुलं भिजवायची. आजीने एकाच पातेल्यात दोन्ही बसवलं. वास वाफेबरोबर उडून जातो आणि तो ताटलीला लागतो, म्हणून ते झटकणं.

वासावरून आठवलं. ताज्या फुलाचा वास एकदा घेतलास की क्षणभराने नाहीसा होतो, जरा थांबून घेतलास की पुन्हा येतो. फूल तेच असतं. त्यातलं आयोनोन हे वासाचं द्रव्य नाकाच्या संवेदना थोडा वेळ बधिर करतं. आणि तू केमिस्ट्रीवाली, म्हणून हेही : रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये याच फुलांच्या सरबताचा रंग आम्लाने लाल आणि अल्कलीने हिरवा होतो हे लिहून ठेवलं. लिटमसचा थोरला भाऊ! सुक्या बनफशात मात्र रंग फारसा उरत नाही, काढा चहासारखाच दिसतो, तेव्हा लिंबू पिळून जादूची वाट बघू नकोस.

गुण येतो का, हे तू विचारणारच. इराणमध्ये दम्याच्या लहान मुलांना नेहमीच्या औषधाबरोबर बनफशाचं सरबत देऊन पाहिलं होतं. 2015 मध्ये ते छापून आलं, आणि खोकला लवकर थांबल्याचं त्यात म्हटलं आहे. एवढ्यावरून मी त्याला रामबाण म्हणणार नाही. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर काढा ठेवून डॉक्टरकडे जायचं. ॲस्पिरिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला हे देऊ नकोस, कारण यात त्याच कुळातली द्रव्यं असतात. मुळ्या तर कधीच घालायच्या नाहीत, त्याने उलट्या होतात. आणि ज्येष्ठमध महिनोन्महिने रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो, म्हणून चार-पाच दिवस पुरे.

तुझ्या कॅम्पसच्या कुंपणाशी मार्चमध्ये तशीच फुलं येतात म्हणालीस. ती तोडू नकोस. इंग्लंडात सुवासिक जात असते तशी बिनवासाचीही पुष्कळ असते, आणि तिथे कुत्री फिरतात, फवारण्या होतात. खिडकीतल्या कुंडीतली आफ्रिकन व्हायोलेट तर या कुळातलीच नव्हे, नावापुरती नातेवाईक. ती खायची नाही.

डबा संपत आला असेल तर तुझ्या मैत्रिणीबरोबर पाकिस्तानी किंवा इराणी किराणा दुकानात जा. नुसतं ‘बनफशा’ म्हणालीस तर पानं, देठं, फुलं सगळं एकत्र मिळेल. ‘गुलबनफशा’ माग, त्यात फक्त फुलं असतात. महाग पडेल, कारण ही फुलं नखाएवढी असतात आणि डोंगरात वाकून एकेक खुडावी लागतात. मुठीत घेऊन बघ, भुगा झाला किंवा कुबट वास आला तर घेऊ नकोस. ज्येष्ठमध विकत आणू नकोस, बाबा पुढच्या शनिवारी तुझ्याकडे येताहेत, त्यांच्याबरोबर देते. भोकराचं लोणचंही देते आहे, नानीच्या नातीला आठवणीने वाढ.

तुझी,
आई